लाटांचा ताप आणि धारोष्ण दूध

चिखलदऱ्याला गेलेला माणूस धुके पाहतो, गाविलगड पाहतो आणि परतताना खवा नाहीतर रबडी बांधून घेतो. गडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे सांगतात. लहानपणी तिथे गवळ्याच्या दारात उभ्या उभ्या मी धारोष्ण दूध प्यालो आहे. फेसाची मिशी पुसताना अंगात ताकद आल्यासारखे वाटे. घरी मात्र अम्मी बकरीचे दूधसुद्धा उकळल्याशिवाय देत नसे. त्यामागचे शास्त्र तिला ठाऊक नव्हते.

ते शास्त्र माल्टा बेटावर उलगडले. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर ब्रिटिश शिपाई महिनोन्‌महिने तापाने झिजत. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. म्हणून त्याला लाटांचा ताप म्हणत. नाव कवीने ठेवावे असे, रोग मात्र हाडे खिळखिळी करणारा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मृत शिपायांच्या प्लीहेतून जंतू वेगळा केला. त्याच्याच नावावरून हा रोग पुढे ब्रुसेलोसिस झाला. पण जंतू येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षे लागली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. दारोदार नेऊन दूध काढून दिल्या जाणाऱ्या त्या शेळ्या दिसायला धडधाकट. संशय येणार कसा? १९०६ मध्ये फौजेला ते दूध बंद झाले आणि छावणीतला ताप ओसरला. बेटावरच्या साध्या माणसांची पोरे मात्र पुढेही कितीतरी वर्षे तेच दूध पीत राहिली.

आपल्याकडे हा जंतू गायी-म्हशींतून आणि शेळ्या-मेंढ्यांतून येतो. म्हैस गाभडली की घरचीच माणसे उघड्या हातांनी वार काढतात, तिथूनही तो शिरतो. मुलांमध्ये तो फार फसवा. ताप, घाम, गळाठा. मग गुडघा किंवा खुबा सुजतो, पोर लंगडू लागते. क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते, ऐकू येणे मंदावते. क्वचित हृदयाची झडप पोखरली जाते. वयात येणाऱ्या मुलाचे वृषण सुजते. शंका आधी येते ती टायफॉईडची, नाहीतर क्षयाची. गोम अशी की, क्षयावरचे रिफाम्पिसिन या जंतूवरही काही प्रमाणात चालते. थोडे बरे वाटते, निदान बरोबर ठरल्याचा भास होतो आणि खरा रोग आत दडून राहतो. त्याला एकाहून अधिक औषधे मिळून निदान सहा आठवडे द्यावी लागतात. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी ती वेगळी निवडतात.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना लस टोचण्याचा कार्यक्रम सुरू केला. खवा खाणाऱ्यांनी घाबरू नये, बरं का. तो भट्टीवर आटवलेला असतो. पण पोराचा ताप हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे: घरी गुरे आहेत, मागे एक म्हैस गाभडली होती, हा कच्चे दूध पितो. या रोगासाठी रक्ताची तपासणी वेगळी मागवावी लागते, आणि ती मागवायचे सुचते ते एवढ्याच माहितीवरून.