दहा मीटरचा सोपा

आमचं घर रुंदीला बारा फूट आणि लांबीला साठ. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत अशी घरं पुष्कळ. भावाभावांत वाटण्या झाल्या की रुंदी वाटली जाते, लांबी तशीच राहते. रस्त्याकडून सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परडं, सगळं आगगाडीच्या डब्यांसारखं एका ओळीत. या लांबीचा उपयोग काय, हा प्रश्न मला पन्नास वर्षं पडला नव्हता. २००३ साली थोरली शाळेतून आली आणि म्हणाली, "आबा, मला रायफल शिकायची आहे." त्या संध्याकाळी मी घरात टेप लावला.

एअर रायफलला दहा मीटर लागतात, म्हणजे बत्तीस फूट दहा इंच. शिवाय उभं राहायला पाच-सहा फूट आणि निशाण्यामागं दोन-तीन फूट. शहरात घरटी एवढी सरळ मोकळी रेघ कुणाकडे असते? आमच्याकडे होती. मी आयटीआयमध्ये पत्रेकाम शिकवत असे, त्यामुळे हातात हत्यारं होती आणि वेल्डिंग करणारी पोरंही. सरावाची जागा दुधाळीला होती, पण शाळा, शिकवणी आणि अंधार यांच्यात मुलीला रोज तिथवर नेणं जमेना. म्हणून घरात रेंज. हौसेपोटी नव्हे.

पहिल्यांदा मी माडीवर बांधली. माडी रिकामीच होती, चाळीस फूट लांब, सागवानी तुळया आणि वर फळ्या. आठवडाभरात मुलगी म्हणाली, "आबा, आजी खाली चालली की माझा नेम हलतो." मला खरं वाटेना. मी फळीवर पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं आणि आईला खालून माडीच्या जिन्यावर यायला सांगितलं. तिनं दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि ताटातल्या पाण्यावर वर्तुळं उठली. एअर रायफलच्या निशाण्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्याच्या निम्मा. पाण्यावर उठलेली ती वर्तुळं त्या ठिपक्यापुढं डोंगरासारखी होती.

पुढं २०११ साली अभिनव बिंद्राचं आत्मचरित्र आलं आणि त्यात मला माझीच माडी भेटली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो तिसऱ्या क्रमांकानं अंतिम फेरीत पोचला आणि सातवा आला. मागाहून कळलं की तो उभा होता तिथली फरशी सैल होती, पायाखाली थरथरत होती. ज्याच्या घरच्यांनी चंडीगडजवळ झिरकपूरला त्याच्यासाठी रेंज बांधली, त्यालाही शेवटी एका फरशीनं गाठलं. त्यानं पुढच्या चार वर्षांत काय केलं हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. बीजिंगच्या भल्यामोठ्या हॉलची सवय व्हावी म्हणून त्यानं लग्नाचं कार्यालय भाड्यानं घेऊन सराव केला. ११ ऑगस्ट २००८ रोजी शेवटच्या गोळीआधी फिनलंडचा हेन्री हॅकिनेन आणि तो बरोबरीत होते. हॅकिनेननं ९.७ मारले, बिंद्रानं १०.८. एकूण ७००.५, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. त्या दिवशी आमच्या सोप्यात पेढे वाटले तेव्हा आईनं विचारलं होतं, "त्याच्या घरात पण माडी होती काय?"

तर ताटातली ती वर्तुळं पाहून मी रेंज खाली आणली. सोपा आणि माजघर यांच्यामधली कुडाची भिंत पाडली, जमिनीला शहाबादी होती ती उखडून कोबा केला. निशाणा माजघराच्या आतल्या भिंतीला. ती मातीची आणि दोन फूट जाड. तिच्या शेजारच्या दाराला सोप्याकडून कडी. सराव चालू असला की कडी लागलेली, आणि घरच्यांनी स्वयंपाकघरात जायचं ते बाजूच्या बोळातून. निशाण्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, तो मी ओळंब्यानं आणि पाण्याच्या नळीनं काढला. त्यावर हजार-पंधराशे लक्स उजेड पडावा म्हणून दोन ट्यूब, पण नेमबाजाच्या डोळ्याला दिसणार नाहीत अशा पट्टीआड. कागद पुढं-मागं न्यायला सायकलच्या कप्प्या आणि नायलॉनची दोरी.

हे सगळं जमलं. चुकलं ते सर्वांत महत्त्वाचं. छर्रा थांबवायला मी आठ गेजचा पत्रा सरळ उभा लावला. पत्रा जाड होता, भोक पडलं नाही, म्हणून मी खूश. तिसऱ्या दिवशी मी कप्पीशी वाकलो असताना छर्रा पत्र्यावरून सरळ उलटला आणि माझ्या भुवईवर बसला. बोटभर खाली बसता तर डोळा गेला असता. मुलीनं रायफल खाली ठेवली आणि रडायलाच लागली. त्या रात्री मी पत्रा काढला आणि पंचेचाळीस अंशांत तिरका केला, वरून खाली झुकलेला. छर्रा त्यावर आपटतो, चपटा होतो, खालच्या पेटीत पडतो. पुढं कापडाचा पडदा. उलटणारं शिसं कापडाच्या आतच राहतं. हाच छर्ऱ्याचा सापळा.

तेव्हापासून मला एक नाद लागला: पूर्वी लोक घरात नेम मारत, तेव्हा ते गोळी कशानं थांबवत? बंदुकीचे इतिहास पुष्कळ मिळतात. गोळी संपते कुठं, याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

सर्वांत सुंदर उत्तर थोरलीनंच आणलं. म्युनिकला स्पर्धेसाठी गेली असताना मोकळ्या दिवशी ती आणि बरोबरच्या पोरी रेल्वेनं साल्झबर्गला गेल्या. तिथून तिनं फोन केला: "आबा, इथं मोझार्टच्या घरात रेंज होती!" संगीतकार मोझार्टच. १७७३ मध्ये ते कुटुंब एका नृत्यशिक्षकाच्या घरी राहायला गेलं, त्या घरात मोठा हॉल होता, आणि त्या हॉलमध्ये मित्रमंडळी रविवारी जमून हवेच्या बंदुकीनं नेम मारत. पाळीपाळीनं प्रत्येकानं निशाणा आणि बक्षीस द्यायचं. निशाणे म्हणजे रंगवलेल्या पाट्या, त्यांवर मंडळींचीच थट्टा. १७७७ साली मोझार्ट आईबरोबर परगावी गेला, तरी त्याच्या नावानं घरातली माणसं नेम मारत आणि हार-जीत त्याला पत्रानं कळवत. त्याच्या चुलत बहिणीच्या निरोपाचा प्रसंगही एका पाटीवर रंगवला गेला.

माझं लक्ष अर्थातच भिंतीकडे. ते गोळी मारत नसत, मागं झुबका असलेला छोटा बाण मारत. बाण लाकडात रुततो, उलटत नाही, उपटून पुन्हा वापरता येतो. पाटी हाच सापळा. दिवाणखान्यात, बायका-मुलं, कुत्रं असताना हा खेळ निर्धास्त चालला तो त्या लाकडामुळं.

शिशाची गोळी घरात आणली ती पॅरिसच्या लुई निकोला फ्लोबेर यानं, १८४५ मध्ये. त्याची युक्ती साधी होती. ठिणगी पाडणारी जी टोपी असते तिच्याच तोंडाशी छोटी गोळी बसवायची. वेगळी दारू नाहीच. आवाज कमी, धूर कमी, जोर खोलीला झेपेल एवढा. युरोपातल्या सुखवस्तू घरांत दिवाणखान्यात, बागेत, तळघरात या बंदुका शिरल्या. आजची पॉइंट टू-टू काडतुसं त्याच कुळातली, अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये ती वाढवली. म्हणजे आमच्याकडच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर ज्या जातीचं काडतूस वापरून कांस्यपदक घेतलं, त्याचं मूळ पॅरिसच्याच एका कारागिरानं खोलीत मारण्यासाठी केलेल्या गोळीत आहे. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात तर खोलीत मारायची खास रायफल झाली, तिच्या नावातच 'खोली' हा शब्द आहे. पंधरा मीटरवर तिच्या स्पर्धा अजून होतात. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या काळात, १९०१ पासून कामगारांचे छोट्या रायफलींचे क्लब निघाले, ते वेगळं प्रकरण, त्यामागं सैन्याची गरज होती.

वाचकांना शेरलॉक होम्स आठवेल. १८९३ च्या एका कथेत तो आरामखुर्चीत बसून समोरच्या भिंतीवर गोळ्यांनी राणीची आद्याक्षरं काढतो. लोकांना ते गमतीचं वाटतं. मला नाही वाटत. बेकर स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात नुसत्या भिंतीवर गोळ्या झाडणाऱ्या माणसाला मी रेंजवर पाऊल ठेवू देणार नाही, तो कितीही हुशार असला तरी.

आपल्याकडे हवेची बंदूक घरात आली ती जत्रेतून. जोतिबाच्या यात्रेत फुग्यांची पाटी आणि तिच्यामागं पोत्याचा पडदा, हा माझ्या पिढीनं पाहिलेला पहिला सापळा. पोतं ढिलं टांगलेलं असे, छर्रा त्यात शिरून निपचित खाली पडे. त्या फुगेवाल्यानं कुठला नियम वाचला नव्हता, पण त्याला कळलेलं मला आठ गेजच्या पत्र्यापुढं कळलं नाही. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये सुरू केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी, जिचे पाण्याचे नळ आपण ओळखतो, तिनं एअर रायफलीही बनवल्या. नळ करणाऱ्यानं नळी करावी हे मला, कारागीर म्हणून, अगदी स्वाभाविक वाटतं. कायद्यानं साधी एअरगन बिनपरवाना ठरली, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत हद्द स्पष्ट झाली: नळी ४.५ मिलिमीटरच्या वर नको, जोर वीस ज्यूलच्या वर नको. १९८४ पासून दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आहे. तिथून आपल्या घरांतल्या रेंजचा खरा इतिहास सुरू होतो, आणि तो श्रीमंतांपुरता राहिला नाही. मेरठजवळच्या कलिना गावात सौरभ चौधरीनं घरीही सराव केला आणि सोळाव्या वर्षी, २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण आणलं. बागपतच्या जोहडी गावात साठी उलटलेल्या चंद्रो तोमर रात्री घरात पाण्यानं भरलेला जग एका हातात धरून हात स्थिर करत. २०२० च्या टाळेबंदीत रेंजना कुलपं लागली तेव्हा एप्रिलमध्ये नेमबाजांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली ती घराघरांतून, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच जुन्या पुस्तकानं मला वेळेवर सांगितली नाही. छर्रा अर्धा ग्रॅमचा. दिवसाला दोनशे मारले तर शंभर ग्रॅम, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीस किलो शिसं माझ्या माजघरात फुटत होतं. त्याची राखाडी पूड पेटीच्या काठावर, कोब्यावर बसे आणि बायको ती रोज केरसुणीनं झाडत असे. केरसुणीनं पूड उडते, श्वासातून आत जाते. दोन वर्षांनी एका प्रशिक्षकांनी दाराशी येऊन हे पाहिलं आणि काही न बोलता तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली. तेव्हापासून ओलं फडकं. सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही. पेटीतलं शिसं झाकणाच्या डब्यात भरून भट्टीवाल्याकडे. लहान मूल घरात असेल तर त्या खोलीत त्याला रांगू द्यायचं नाही, सराव बंद असला तरी.

थोरली आता सांगलीला असते, रायफल तिनं धाकट्या चुलत बहिणीला दिली. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नीलचं पदक आलं, त्यानंतर महिन्याभरात माझ्याकडे सात-आठ बाप येऊन गेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बंदूक कुठली घेऊ? मी त्यांना आधी माजघराच्या भिंतीशी नेतो आणि सापळा उघडून दाखवतो. त्यातले तिघं पुन्हा आले, टेप आणि वही घेऊन. त्यांची पोरं आज त्यांच्या घरी नेम मारताहेत.

तुम्हालाही बांधायची असेल तर या. सापळ्याचं माप, पत्र्याचा कोन, पडद्याचं कापड, सगळं उतरवून घेऊन जा, पैसे पडत नाहीत. संध्याकाळी पाच ते सात सोप्यात सराव असतो. दार वाजवा, आणि आतून 'या' ऐकू आल्याशिवाय उंबरा ओलांडू नका.