‘चौघीजणी’ आणि खरे घर

शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ ही कादंबरी आपल्याकडील कित्येक घरांत आईने वाचली आणि पुढे लेकीच्या हाती दिली. मेग, जो, बेथ, एमी या चार बहिणी, त्यांची मायाळू आई, युद्धावर गेलेले वडील आणि शेजारचा लॉरी ही माणसे मराठी वाचकाला परकी वाटत नाहीत. मूळ ‘लिटल विमेन’ लिहिणाऱ्या लुईसा मे ऑल्कॉट या अमेरिकन लेखिकेने आपलेच घर कथेत उभे केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ते घर जसेच्या तसे तिने कथेत घेतले नाही. तिने काय बदलले हे पाहिले, म्हणजे या पुस्तकाचे मर्म उमगते.

लुईसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी झाला. तिचे वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट हे शिक्षक आणि तत्त्वचिंतक. विचारांनी उदात्त, पण प्रपंचात सर्वस्वी अव्यवहारी. त्यांनी आपल्या शाळेत एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा इतर पालकांनी मुले काढून घेतली व १८३९ मध्ये शाळा बंद पडली. १८४३ मध्ये त्यांनी ‘फ्रूटलँड्स’ ही आदर्श वसाहत स्थापली. तेथे मांस आणि दूध वर्ज्य होते. जनावरांकडून काम करून घेणेही तत्त्वात बसत नव्हते. सुमारे सात महिन्यांत तो प्रयोग कोलमडला आणि कुटुंब उघड्यावर आले. पुढे संसाराचा भार आई ॲबिगेल आणि थोरल्या मुली यांनी वाहिला. लुईसाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, परक्या घरी मोलकरणीचे कामही केले.

१८५६ मध्ये आई एका गरीब कुटुंबाची शुश्रूषा करीत असताना तिसरी मुलगी एलिझाबेथ हिला स्कार्लेट फीवरची लागण झाली. ती पूर्ण बरी झालीच नाही. १४ मार्च १८५८ रोजी बावीस वर्षांची असताना ती निवर्तली. हीच कादंबरीतील बेथ.

अमेरिकेतील यादवी युद्धात कादंबरीतले वडील सैन्यात धर्मोपदेशक म्हणून जातात, वॉशिंग्टनच्या रुग्णालयात आजारी पडतात आणि आई त्यांच्याकडे धाव घेते. प्रत्यक्षात ब्रॉन्सन युद्धावर गेलेच नाहीत. डिसेंबर १८६२ मध्ये परिचारिका होऊन गेली ती लुईसा. काही आठवड्यांतच तिला विषमज्वराने गाठले आणि तिला घरी आणण्यासाठी वडिलांना जावे लागले. पारायुक्त औषधाने आपली प्रकृती कायमची खालावली, अशी तिची समजूत होती. आपले आजारपण आणि आपला त्याग तिने कथेत वडिलांच्या नावे मांडला. ज्यांनी घर चालवले नाही, त्यांनाच तिने घराचा सन्माननीय आधार केले. त्यांच्यावर राग धरण्याची कारणे तिला पुष्कळ होती, म्हणूनच ही क्षमा थोर वाटते.

पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झाला. जो आणि लॉरी यांचे लग्न लावा, अशी मागणी करणारी वाचक मुलींची पत्रे येऊ लागली. लुईसाने ते मानले नाही. १८६९ च्या दुसऱ्या भागात जो लॉरीला नकार देते. पहिले प्रेम खरे असले, तरी तेच आयुष्यभराचे नाते असते असे नाही, हे तरुण वाचकाला इतक्या समजुतीने सांगणाऱ्या कथा थोड्याच. बेथच्या मृत्यूनंतर जोचे दुःखही चमत्काराने निवत नाही. ती बेथची घरकामे हाती घेते, वडिलांपाशी मन मोकळे करते आणि आईच्या आग्रहावरून पुन्हा लिहू लागते. मन भरून येते ते अशा रोजच्या कामातून.

या पुस्तकाने ऑल्कॉट कुटुंबाचे कर्ज फेडले. लुईसा मात्र अविवाहित राहिली. १८७९ मध्ये धाकटी बहीण मे बाळंतपणानंतर वारली, तेव्हा तिच्या तान्ह्या मुलीचा सांभाळ लुईसाने केला. ४ मार्च १८८८ रोजी वडील गेले आणि दोनच दिवसांनी, ६ मार्चला, लुईसानेही देह ठेवला.

जे घर तिला पूर्णत्वाने लाभले नाही, ते तिने इतरांच्या लेकींना दिले. ‘चौघीजणी’ पुन्हा हाती घ्याल, तेव्हा जोच्या हसण्यामागे उभी असलेली ही थकलेली, क्षमाशील कन्याही आठवावी.