बसची वाट पाहणं कमी त्रासाचं कसं होईल?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीला रेल्वे नाही. कॉलेज असो, दवाखाना असो की बाजार, बहुतेकांना एसटीचाच आधार. एक बस चुकली की पुढची कधी येईल, हाच प्रश्न.

वाट पाहण्याचा खरा त्रास या प्रश्नातच आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये हे मांडलं : किती वेळ थांबायचं आणि उशीर का झाला हे माहीत नसेल, तर तोच वेळ जास्त लांब वाटतो. अमेरिकेतल्या सिएटल शहरात २०११ च्या एका अभ्यासातही हेच दिसलं. बसची नेमकी वेळ मोबाइलवर कळणाऱ्या प्रवाशांना थांबणं कमी वाटलं. शिवाय ते थांब्यावर उशिरा पोहोचायचे, म्हणून प्रत्यक्षातही कमी थांबले.

मग थांब्यावर काय हवं?

• माहिती : मोबाइलला रेंज नसेल तिथे ॲप कामाचं नाही. वेळापत्रकाचा ताजा फळा हवा, बसस्थानकात उशिराची घोषणा हवी.
• सावली आणि पाणी : इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.
• दिवे आणि स्वच्छतागृह : १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण अंधारात थांबायची भीती वाटली, तर संध्याकाळच्या बसला ही सवलत असून उपयोग काय?

यामुळे फेऱ्या वाढणार नाहीत. ती मागणी वेगळी आणि रास्तच आहे. पण बस उशिरा येणार असेल, तर तेवढं सांगायला नवी बस लागत नाही.