रणखेळातील राबणारे हात

इतिहास म्हटला की लढाया आल्या आणि लढाया म्हटल्या की सेनापतींची नावे आली, ही आपली जुनी सवय आहे. ती केवळ पाठ्यपुस्तकांनी लाविली असे नाही. खेळांनीही लाविली आहे. ज्या पटावर माणूस लहानपणी लढाई खेळतो, त्याच पटावर तो पुढे इतिहास मांडतो. म्हणून आज वसईच्या श्रोत्यांपुढे आम्ही एका खेळाचा इतिहास ठेवीत आहोत. हा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावरचा आहे, त्यातील राज्ये काल्पनिक आहेत, आणि त्यातले घड्याळ कोणासाठीही थांबत नाही. विषय पोरकट वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. लढाईत राबते कोण, आणि त्या राबण्याचा हिशेब ठेवते कोण?

आरंभ आपल्या घरापासून करू. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चतुरंग सेनेची चार अंगे. त्यांवरून बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंग हा खेळ उभा राहिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात या खेळाचे वर्णन आहे. या पटाची दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत. एक, खेळाडू आळीपाळीने खेळतात. तुम्ही विचार करीत असता शत्रू हात बांधून बसतो. दुसरे, सेना पहिल्यापासून सज्ज असते. घोड्यांना दाणा कोणी घातला, रथाची चाके कोणी केली, हे पट विचारीत नाही. पटावर प्यादे आहे. पण प्याद्याच्या पोटाला भाकरी देणारा शेतकरी नाही.

काळाचा प्रश्न प्रथम नेटाने हाती घेतला तो प्रशियाच्या सैन्याने. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात खरे नकाशे होते, निवाडा करणारा पंच होता, आणि प्रत्येक डाव म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटे असा हिशेब होता. काळ खेळात आला. मजूर मात्र अजून बाहेरच होता.

तो आत आला संगणकाबरोबर. १९९२ च्या ‘ड्यून २’ या खेळात वाळवंटातून मौल्यवान मसाला गोळा करणारी यंत्रे होती; त्या उत्पन्नावर कारखाने आणि कारखान्यांवर सेना उभी राहत असे. १९९४ च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये माणसांचे एक राज्य आणि राक्षसांचे एक राज्य, दोन्हीकडे लाकूड तोडणारे व सोन्याच्या खाणीत उतरणारे मजूर. दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात, कोणी कोणाची वाट पाहत नाही. येथे एक सत्य प्रथमच खेळाडूच्या बोटांना कळले : लाकूड नाही तर छावणी नाही, छावणी नाही तर शिपाई नाही. जे सत्य बुद्धिबळाने लपविले, ते या खेळांनी उघड केले, हे त्यांचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो.

पुढे हा खेळ टेबलावरून तळहातावर उतरला. जपानच्या निंटेंडो कंपनीने २००४ मध्ये ‘डीएस’ नावाचे छोटे यंत्र काढले. त्याला दोन पडदे. खालच्या पडद्यावर बारीक काडी टेकवून हुकूम सोडावयाचा. मार्च २००७ मध्ये त्यावर जपानात ‘हीरोज ऑफ मॅना’ हा खेळ आला. रोजेट नावाचा तरुण आणि त्याचे सोबती एका उडत्या जहाजातून युद्धात पडतात. ते जहाज हाच त्यांचा तळ. त्यात बांधकामे करावयाची आणि मदतीला नाना प्राणी बोलवावयाचे. परंतु त्यासाठी लागणारे खनिज आणि फळे गोळा करून आणतो कोण? ‘राबाइट’ नावाचे सशासारखे लहान प्राणी. मराठी कानाला त्या नावात ‘राबणे’ ऐकू येते. हा केवळ योगायोग. पण प्राण्याच्या वाट्याला आलेले काम पाहता नाव शोभून दिसते.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आमची नजर सहजच रोजेटवरून या राबाइटवर जाते. तो थकत नाही, मजुरी मागत नाही, त्याला घर नाही, सुट्टी नाही. हा दोष एका खेळाचा नव्हे. या सगळ्या जातीचाच आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या १९९९ मधील दुसऱ्या भागात तर रिकामा उभा असलेला गावकरी हुडकून काढण्यासाठी स्वतंत्र बटण आहे. तेथे विश्रांती म्हणजे चूक! आणि येथे, मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. एक दिवस ‘रिकामा’ मिळविण्यासाठी माणसांना सभा भरवाव्या लागल्या, अर्ज करावे लागले.

आता हा पट आपल्या गावच्या किल्ल्याशी ताडून पाहू. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेल्या वसईवर चिमाजी आप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत निकराचा वेढा चालविला. चिमाजी आप्पा, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे ही नावे आपल्याला पाठ आहेत. परंतु तट पडला तो सुरुंगांनी. मोर्चे एकेक पाऊल पुढे सरकविणे, तटाखाली भुयार नेणे, वरून आगीचा आणि दगडांचा मारा होत असता माती उपसणे, दारू भरणे, ही कामे नावे नसलेल्या हातांनी केली. थांबून विचार करावयास तेथे सवड नव्हती. ठरल्या क्षणी न उडालेला एक सुरुंग, आपली माणसे खिंडाराकडे धावली असता उडाला आणि शेकडो माणसे गाडली गेली. खेळात शिपाई मेला तर दुसरा बोलविता येतो. येथे कोणा घरचा कर्ता गेला. मे १७३९ मध्ये तह होऊन पोर्तुगीज शिबंदी आपल्या कुटुंबांसह बाहेर पडली. विजय खराच, पण त्याच्या पायात कुदळ होती हे आपण मुलांना सांगत नाही.

आणि या खेळांत एक गोष्ट मुळीच नाही : नकार. राबाइट ‘नाही’ म्हणू शकत नाही. तसा नियमच लिहिलेला नाही. याच आपल्या पालघर जिल्ह्यात तो नियम वारल्यांनी स्वतः लिहिला. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासह किसान सभेचे कार्यकर्ते पाठीशी होते. वेठ करणार नाही, मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर राबणार नाही, असे ठरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. तरी वेठ पुन्हा बसली नाही. सेनापतीच्या नजरेतून पाहिले तर हे बंड. राबणाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर हाच इतिहासाचा आरंभ.

मुलांच्या हातून खेळ काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. लढाई श्रमावर उभी असते हे त्यांना तो खेळ शिकवितो, आणि ते पुष्कळ पुस्तकांपेक्षा अधिक आहे. पण जे तो शिकवीत नाही, ते शिकविणे आपले काम आहे. मुलांना किल्ल्यात न्याल तेव्हा तट कोणी घेतला हे जरूर सांगा. आणि त्याच दमात विचारा, हा तट बांधला कोणाच्या हातांनी, त्याखाली खणले कोणी, आणि त्यांना मजुरी काय मिळाली? उत्तर हाती नसले तरी प्रश्न सोडू नका. ज्या समाजात हा प्रश्न विचारला जातो, तेथे माणसाचा राबाइट करणे कठीण जाते.