उदय शंकर कोण आहेत? हॉटस्टार ते जिओहॉटस्टार, संपूर्ण माहिती

आयपीएलची मॅच मोबाईलवर कधी पूर्ण फुकट दिसते, तर कधी मध्येच "प्लॅन घ्या" असा मेसेज येतो. हे कोण ठरवतं? निर्णय कंपन्यांचे असतात, पण गेल्या १५-२० वर्षांत यातल्या बऱ्याच मोठ्या निर्णयांच्या मागे एक नाव पुन्हा पुन्हा दिसतं, ते म्हणजे उदय शंकर. हॉटस्टार सुरू झालं तेव्हा ते स्टार इंडियाचे प्रमुख होते. हॉटस्टारला जड गेलेल्या जिओसिनेमाच्या मागेही तेच होते. आणि आज ही दोन्ही अ‍ॅप एकत्र करून बनलेल्या कंपनीतही तेच आहेत! चला तर मग, त्यांचा प्रवास समजून घेऊया.

थोडक्यात माहिती

- मूळ राज्य : बिहार
- शिक्षण : जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली
- सुरुवात : पत्रकार
- २००७ : स्टार इंडियाचे सीईओ
- २०१९ : डिस्नेच्या आशिया-पॅसिफिक विभागाचे अध्यक्ष
- २०२२ : जेम्स मर्डॉक यांच्यासोबत बोधी ट्री कंपनी
- २०२४ पासून : जिओस्टारचे उपाध्यक्ष

पत्रकार ते सीईओ

उदय शंकर यांनी करिअरची सुरुवात पाटण्यात टाइम्स ऑफ इंडियाचे राजकीय वार्ताहर म्हणून केली. नंतर त्यांनी 'डाउन टू अर्थ' या पर्यावरणविषयक पाक्षिकात काम केलं आणि तिथून ते टीव्हीकडे वळले. २००० साली 'आज तक' हे २४ तासांचं हिंदी न्यूज चॅनेल सुरू झालं. ते उभं करणाऱ्या टीममध्ये ते होते. पुढे ते स्टार न्यूजचे प्रमुख झाले आणि २००७ मध्ये थेट संपूर्ण स्टार इंडियाचे सीईओ.

बातमीदारी करणारा माणूस एवढ्या मोठ्या मनोरंजन कंपनीचा प्रमुख होणं ही नेहमीची गोष्ट नाही. सहसा अशा जागी जाहिरात, सेल्स किंवा फायनान्समधून आलेले लोक दिसतात.

स्टारमध्ये त्यांनी काय केलं?

तोपर्यंत स्टार म्हणजे मुख्यतः हिंदी मालिका, असं चित्र होतं. त्यांच्या काळात कंपनी दोन दिशांना पसरली.

१. प्रादेशिक भाषा : २००८ मध्ये बंगालीसाठी स्टार जलसा आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपलं स्टार प्रवाह. घरी आई-आजी रोज संध्याकाळी जे चॅनेल लावतात, ते याच धोरणातून आलेलं आहे.

२. खेळ : २०१२ मध्ये स्टारने भारतात होणाऱ्या टीम इंडियाच्या मॅचचे हक्क ३,८५१ कोटी रुपयांना घेतले. पुढच्या वर्षी स्टार स्पोर्ट्सवर हिंदी कॉमेंट्रीवर मोठा भर दिला गेला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांच्या मॅच प्राइम टाइमला दिसू लागल्या.

हॉटस्टार कसं आलं?

फेब्रुवारी २०१५ मध्ये, क्रिकेट वर्ल्ड कपच्या तोंडावर, हॉटस्टार लाँच झालं. आता त्या वेळची परिस्थिती आठवा. जिओ यायला अजून दीड वर्ष होतं आणि १ जीबी डेटासाठी साधारण अडीचशे रुपये जायचे. अशा वेळी मोबाईलवर मॅच बघायचं अ‍ॅप काढणं म्हणजे धाडसच होतं. अ‍ॅप फुकट होतं आणि खर्च जाहिरातींतून काढायचा होता. पैसे भरून घ्यायचा प्रीमियम प्लॅन २०१६ मध्ये आला, महिना १९९ रुपये.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हॉटस्टारला हवा असलेला प्रेक्षक आयताच मिळाला. १० जुलै २०१९ ला, वर्ल्ड कपच्या भारत-न्यूझीलंड सेमीफायनलमध्ये, एकाच वेळी २.५३ कोटी लोक हॉटस्टारवर होते. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता.

इथे एक टेक्निकल गंमत बघा. धोनी रनआउट झाला आणि लोक धडाधड बाहेर पडले. आपल्याला वाटेल की सर्व्हरवरचा भार कमी झाला असेल. पण कोट्यवधी लोकांनी एकदम बॅक बटण दाबलं की सगळ्यांना अ‍ॅपचं होमपेज लोड करून द्यावं लागतं! त्यामुळे व्हिडिओचा भार उतरत असतानाच होमपेजचा भार उसळतो. यासाठी जास्तीचे सर्व्हर आधीपासूनच चालू ठेवावे लागतात.

आयपीएलच्या डिजिटल हक्कांची किंमत

मीडिया हक्क म्हणजे मॅच दाखवण्याची परवानगी. बीसीसीआय ती बोली लावून विकतं. हे आकडे नीट बघा :

- २०१५ ते २०१७ (३ वर्षं) : इंटरनेट आणि मोबाईलचे हक्क स्टारला, सुमारे ३०२ कोटी
- २०१८ ते २०२२ (५ वर्षं) : टीव्ही आणि डिजिटल मिळून स्टारला १६,३४७.५ कोटी
- २०२३ ते २०२७ (५ वर्षं) : भारतातले डिजिटल हक्क वायकॉम१८ ला, २३,७५८ कोटी

२०१७ च्या लिलावात फेसबुकने फक्त डिजिटल हक्कांसाठी ३,९०० कोटींची बोली लावली होती. वेगवेगळ्या हक्कांवरच्या सगळ्यात मोठ्या बोली एकत्र केल्या तर बेरीज साधारण १५,८२० कोटी होत होती. स्टारने सगळ्या हक्कांसाठी मिळून एकच बोली लावली, ती त्याहून थोडी जास्त, आणि सगळं नेलं.

डिस्ने सोडलं आणि समोरच्या बाजूला गेले

मार्च २०१९ मध्ये डिस्नेने स्टारची मालक असलेली ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी फॉक्स विकत घेतली. उदय शंकर डिस्नेच्या आशिया-पॅसिफिक विभागाचे अध्यक्ष झाले. एप्रिल २०२० मध्ये डिस्ने प्लस हॉटस्टार आलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी कंपनी सोडली.

मग त्यांनी रुपर्ट मर्डॉक यांचे चिरंजीव जेम्स मर्डॉक यांच्यासोबत बोधी ट्री सुरू केली. २०२२ मध्ये या कंपनीने रिलायन्सच्या वायकॉम१८ मध्ये १३,५०० कोटी गुंतवण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात २०२३ मध्ये ४,३०६ कोटी आले. मात्र मधल्या काळात वायकॉम१८ ने आयपीएलचे डिजिटल हक्क जिंकले होते. डिस्नेकडे फक्त टीव्ही उरला.

२०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दिसली, अगदी मराठी कॉमेंट्रीसह! फायनलला एकाच वेळी ३ कोटींहून जास्त लोक होते. दुसरीकडे डिस्ने प्लस हॉटस्टारचे पैसे भरणारे ग्राहक एका वर्षात ६.१३ कोटींवरून ३.७६ कोटींवर आले. एचबीओच्या सिरीज जाणं हेही एक कारण होतं, पण मोठा फटका आयपीएल गेल्याचाच होता.

शेवटी दोघं एकत्र

ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने काही टीव्ही चॅनेल विकण्यासारख्या अटींसह विलीनीकरणाला मंजुरी दिली. १४ नोव्हेंबर २०२४ ला वायकॉम१८ आणि स्टार इंडिया एकत्र आले. नीता अंबानी अध्यक्ष, तर उदय शंकर उपाध्यक्ष. १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही अ‍ॅप मिळून जिओहॉटस्टार झालं. मोबाईल प्लॅन सुरुवातीला ३ महिन्यांसाठी १४९ रुपये होता, काही जिओ रिचार्जवर तो मोफतही मिळाला. पण दोन वर्षं सगळ्यांना सरसकट फुकट मिळालेली आयपीएल बंद झाली.

यातून आपण काय समजायचं?

सगळा प्रवास बघितला तर एकच पद्धत दिसते. आधी मॅच फुकट किंवा अगदी स्वस्तात द्यायची, लोकांना त्या अ‍ॅपची सवय लावायची आणि गर्दी जमली की प्लॅन आणायचा. २०१५-१६ मध्ये हेच झालं आणि २०२३-२५ मध्येही. म्हणजे "फुकट" हा धंद्याचा पहिला टप्पा असतो, आणि त्या काळातही आपण जाहिराती बघून किंमत मोजतच असतो.

फरक एवढाच की २०२३ मध्ये दोन कंपन्या प्रेक्षकांसाठी भांडत होत्या, म्हणून आपली चंगळ झाली. आता आयपीएलचा टीव्ही आणि मोबाईल, दोन्ही एकाच घरात आहेत. २०२७ च्या सीझननंतर हे हक्क पुन्हा विक्रीला येतील. तेव्हा तगडा प्रतिस्पर्धी समोर आला तर आपल्याला पुन्हा स्वस्तात मॅच मिळू शकते. नाही आला, तर दर ठरवताना त्या कंपनीवर फारसा दबाव राहणार नाही. म्हणून त्या लिलावात कोण जिंकलं याच्यासोबत बोली लावायला किती जण आले, हेही नक्की बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उदय शंकर जिओहॉटस्टारचे मालक आहेत का?
नाही. जिओस्टारमध्ये मोठा वाटा रिलायन्स समूहाचा आणि त्याखालोखाल डिस्नेचा आहे. बोधी ट्रीची गुंतवणूक वायकॉम१८ मधून आलेली आहे.

जुनं जिओसिनेमा अ‍ॅप वेगळं वापरता येतं का?
नाही, त्यातल्या मालिका, सिनेमे आणि मॅच आता जिओहॉटस्टारवरच आहेत.

प्लॅन घेण्याआधी काय तपासावं?
तुमच्या सध्याच्या मोबाईल रिचार्जमध्ये सबस्क्रिप्शन आधीच आहे का ते बघा. बऱ्याचदा आपण एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरतो.