हर-२ (जठराचा कर्करोग)

हर-२ हे पेशीपटलावरील एक ग्राही प्रथिन आहे. जठराच्या तसेच अन्ननलिका-जठर संधीच्या पसरलेल्या कर्करोगात औषध निवडण्यासाठी त्याची तपासणी केली जाते. 'ह्यूमन एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर २' या नावाचे हे संक्षिप्त रूप असून त्याचे जनुक, ईआरबीबी२, १७व्या गुणसूत्रावर असते. या जनुकाच्या जादा प्रती तयार झाल्यास पेशीपटलावर प्रथिनाची गर्दी होते आणि पेशीविभाजनाचा संदेश अखंड चालू राहतो. ही रक्तचाचणी नव्हे, आणि निरोगी व्यक्तीत कर्करोग शोधण्यासाठी तिचा उपयोग नाही. ती कर्करोगाचे निदान झालेल्या ऊतीवरच केली जाते.

तपासणी

दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री पद्धतीने रंग चढवून ० ते ३+ असे गुण देतात. ० व १+ म्हणजे नकारात्मक, ३+ म्हणजे सकारात्मक. २+ हा अनिर्णित निकाल असून त्यानंतर फिश चाचणीने जनुकाच्या प्रती मोजतात. हर-२ व गुणसूत्रकेंद्र यांच्या खुणांचे गुणोत्तर २ किंवा अधिक असल्यास निकाल सकारात्मक धरतात.

स्तनाच्या कर्करोगाचे निकष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. जठरातील ग्रंथीपेशींची पोकळीकडील कड बहुधा रंगत नाही, त्यामुळे पूर्ण कड्याऐवजी घोड्याच्या नालेसारखा आकार दिसतो. शिवाय एकाच गाठीचा एक भाग सकारात्मक व शेजारचा नकारात्मक असू शकतो. म्हणून २००८ पासून जठरासाठी वेगळे निकष आले: शस्त्रक्रियेच्या नमुन्यात किमान १०% पेशी रंगलेल्या असाव्यात, बायोप्सीत मात्र ५ पेशींचा एक पुंजकाही पुरतो. गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून ६ ते ८ तुकडे घेण्याचा आग्रह याचसाठी असतो. एकदोन तुकड्यांवरील नकारात्मक अहवाल रुग्णाला लागू पडणाऱ्या औषधापासून वंचित ठेवू शकतो.

उपचारातील महत्त्व

२०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत तपासलेल्यांपैकी सुमारे २२% रुग्ण हर-२ सकारात्मक आढळले. आतड्यासदृश प्रकारात हे प्रमाण विखुरलेल्या प्रकारापेक्षा बरेच जास्त होते. रसायनोपचाराला ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिने झाले. प्रथिन ठळकपणे जास्त असलेल्या गटात ते ११.८ वरून १६ महिन्यांवर गेले. फरक महिन्यांचाच, पण या रोगात तो लहान नव्हे. लॅपॅटिनिब व ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन यांनी मात्र जठरात निराशा केली. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे पुढच्या टप्प्यातील औषध २०२०च्या डेस्टिनी-गॅस्ट्रिक०१ चाचणीत उपयुक्त ठरले. पहिल्या उपचारानंतर काही गाठींतील हर-२ नाहीसे होते, त्यामुळे पुन्हा बायोप्सी घेणे इष्ट ठरते. ट्रास्टुझुमॅबपूर्वी हृदयाची कार्यक्षमता तपासतात.

हर-२ असणे हे स्वतःच वाईट भवितव्याचे लक्षण आहे काय, याबाबत अभ्यासांचे एकमत नाही.

सोलापूर जिल्हा व महाराष्ट्र

माढा तालुक्याशेजारील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. जठराचा कर्करोग या भागात मिझोरमच्या तुलनेत बराच कमी आढळतो, त्यामुळे स्थानिक रोगनिदानतज्ज्ञासमोर असे नमुने क्वचितच येतात.

हर-२ची तपासणी जवळ उपलब्ध नसल्यास पॅराफिनमधील ठोकळा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. त्याला बर्फाची गरज नसते. खरी काळजी आधीची आहे. तुकडा काढताच १०% उदासीन बफरयुक्त फॉर्मेलिनमध्ये टाकून ६ ते ७२ तास ठेवावा लागतो. तुकडा उशिरा किंवा अपुरा मुरल्यास पुढील चाचणी कितीही चांगली असली तरी निकाल भरवशाचा राहत नाही.

औषधाची किंमत हा दुसरा अडसर. बायोकॉनने २०१४ मध्ये ट्रास्टुझुमॅबचे जैवसमान औषध भारतात आणल्यावर स्वस्त पर्याय मिळाला, तर जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले.