ग्राहकरचित उत्पादन

ग्राहकरचित उत्पादन : कारखान्यात बनणाऱ्या वस्तूचे माप, रंग, साहित्य, नक्षी किंवा तिच्यावरील मजकूर ती बनण्याआधीच ग्राहकाने ठरवण्याची पद्धत. हे काम दुकानात, संकेतस्थळावर किंवा दोन्हींच्या मेळाने होते. शिंप्याकडून कपडे शिवून घेणे, कागदावर पाऊल आखून कोल्हापुरी चप्पल करून घेणे या रूपात ही कल्पना जुनीच आहे. कारखान्याच्या वेगाने आणि तयार मालाच्या आसपासच्या किमतीत ते जमू लागले, हे नवे. स्टॅन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये या उत्पादनरीतीची मांडणी केली, बी. जोसेफ पाइन यांच्या १९९३ मधील पुस्तकाने ती उद्योगजगतात रुजवली.

जपानमधील नॅशनल बायसिकल या कंपनीने १९८७ मध्येच तिचा नमुना घालून दिला. दुकानदार मागेपुढे सरकणाऱ्या सांगाड्यावर गिऱ्हाइकाला बसवून मापे घेई, रंग आणि सुटे भाग निवडून घेई आणि मागणी फॅक्सने कारखान्याला कळवी. १८ मॉडेलांमधून १ कोटी १० लाखांहून अधिक वेगवेगळ्या सायकली संभवत. सायकल दोन आठवड्यांनी हाती येई. कारखान्याला ती त्याहून लवकर देता आली असती, पण आपल्यासाठी घडणाऱ्या वस्तूची वाट पाहण्यातही आनंद असतो हे ओळखून कंपनीने ही मुदत मुद्दाम राखली.

लेव्ही स्ट्रॉसने अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यात स्त्रियांसाठी मापाची जीन्स आणली. दुकानातील कर्मचारी कंबर, नितंब, पायाची लांबी अशी मोजकी मापे घेई. संगणक त्यांच्या जवळची नमुना-जीन्स सुचवी. ती घालून पाहिल्यावर ग्राहक कुठे सैल, कुठे घट्ट ते सांगे. अंतिम मापे मग कारखान्याकडे जात. या पद्धतीचे मर्म त्या घालून पाहण्यात होते. ‘बसते’ म्हणजे नेमके काय, हे आकड्यात सांगणे बहुतेकांना जमत नाही. कापड अंगाला लागले की लगेच सांगता येते.

पडद्यावर हे साधत नाही. तिथे प्रामुख्याने वस्तूचे रूप ठरते. नायकीने १९९९ मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन सेवेत बुटाच्या भागांचे रंग निवडता येत आणि त्यावर छोटा शब्द घालता येई. माप मात्र ठरलेल्या क्रमांकांतलेच असे. शब्दाच्या निवडीलाही मर्यादा होती. कामगारांच्या पिळवणुकीकडे निर्देश करणारा शब्द जोना पेरेटी यांनी २००१ मध्ये बुटावर मागितला, कंपनीने तो नाकारला आणि तो पत्रव्यवहार ईमेलमधून जगभर फिरला. आदिदासने २००० पासून दुकानात पाऊल मोजून घेण्याची सोय केली. जिथे वस्तू अंगाला बसावी लागते तिथे मोजणी दुकानात आणि रंगरूपाची निवड पडद्यावर, ही विभागणी सर्वांत सोयीची.

ग्राहकाला दिसणारे स्वातंत्र्य उत्पादकाने आखलेल्या चौकटीतलेच असते. एरिक फॉन हिपेल यांच्या मांडणीनुसार उत्पादक रचनेचे काम ग्राहकाच्या हाती सोपवतो, पण त्यासाठी दिलेली साधनेच कारखान्याला न जमणाऱ्या रचना गाळून टाकतात. पर्याय फार वाढले की निवडणारा गोंधळतो. म्हणून कोऱ्या पानापेक्षा बदलता येण्याजोगा तयार नमुना समोर ठेवणे हितावह. आपण हातभार लावलेल्या वस्तूचे मोल माणसाला अधिक वाटते, हे मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांच्या प्रयोगांत दिसून आले.

अशी वस्तू दुसऱ्याला विकणे अवघड असते. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू सर्वसाधारणपणे १४ दिवसांच्या आत कारण न देता परत करता येते. ग्राहकाच्या सूचनेबरहुकूम बनवलेल्या वस्तू या सवलतीतून वगळल्या आहेत. त्यामुळे पडद्यावरचे चित्र प्रत्यक्ष रंगापोताशी जुळते आहे, हे पाहण्याची जबाबदारी विक्रेत्यावर अधिकच येते. कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा आधी पाठवणे हा त्यावरचा सर्वांत प्रामाणिक उपाय होय.